जलमार्ग : निरंक

बीड जिल्ह्यातल्या जलवाहतुकीची आकडेवारी मी गोळा करायचे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. नात्यातल्या एका लग्नात एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे टँकरची का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पाण्याची वाहतूक सगळ्यांनी पाहिलेली असते, पाण्यावरची कुणी नाही. मीही कित्येक वर्षं अशीच हसत होते. फरक एवढाच, की ते हसून पंगतीला जाऊन बसले आणि मी हसून सही करत होते.

मी सांख्यिकी सहायक होते. पाऊस, जनावरं, विहिरी, शाळा, रस्ते, तेलाच्या गिरण्या, जे मोजता येतं ते मोजायचं आणि वर पाठवायचं, हे आमचं काम. लोकांना वाटतं आम्ही आकडे बनवतो. खरं तर आम्ही आकड्यांच्या मागे धावतो, आणि बहुतेक वेळा तलाठी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना फोन करकरून आमचाच घसा बसतो.

सगळ्या जिल्ह्यांना एकच छापील तक्ता येतो. समुद्रकाठच्या जिल्ह्याला जो, तोच बीडला. हे वेड्यासारखं वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. सगळ्यांनी एकाच मापानं मोजलं तरच शेवटी बेरीज करता येते. त्या तक्त्यात एक पान असायचं, 'अंतर्देशीय जलमार्गाने मालवाहतूक'. नदी, कालवा, तलाव यांवरून होडीनं किंवा तराफ्यानं जो माल गेला, त्याचं ते पान. होड्या किती, माल कोणता, किती टन, किती लांब. आणि शेवटी टन-किलोमीटर. एक टन माल एक किलोमीटर नेला की तो एक धरायचा. बस, एवढीच ती विद्या.

मी नवीन असताना आमच्या मोठ्या बाबूंनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. "हे आपलं नाही," ते म्हणाले. "सगळीकडे निरंक लिहा. पण लिहा. चौकोन मोकळा सोडायचा नाही."

"मोकळा सोडला तर काय होतं?" मी विचारलं.

"मोकळा म्हणजे आम्हाला माहीत नाही. निरंक म्हणजे आम्ही गेलो, पाहिलं आणि काही नव्हतं. दोन्हींत फार अंतर आहे, बाई."

हे सांगताना ते स्वतः कुठे गेले नव्हते आणि काही पाहिलं नव्हतं. मलाही ते त्या वेळी खटकलं नाही. मी सुवाच्य अक्षरात नऊ चौकोनांत नऊ वेळा निरंक लिहिलं. माझ्या अक्षराचं कौतुक झालं. पुढे दरवर्षी आधीच्या वर्षाचं पान शेजारी ठेवून नवं भरायचं, अशी रीत पडली. मग संगणक आला आणि तेही कष्ट वाचले. जुनी फाईल उघडायची, वर्ष बदलायचं, पाठवायचं.

माझ्या बाजूनं एक सांगते. एकदा मी विचारलं होतं. पीक कापणी प्रयोगासाठी उमापूरच्या पुढे गोदावरीच्या काठी गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाची घरं अलीकडे आणि बरीचशी रानं पलीकडे. पूर्वी पावसाळ्याचे चार महिने सोडले तर लोक पात्रातून बैलगाडी घालून पलीकडे जायचे. मग खाली बंधारा झाला आणि पाणी वर्षातले आठ-नऊ महिने तुंबून राहायला लागलं. बंधाऱ्यानं विहिरी भरल्या, ऊस आला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आपल्याच रानात जायला आता पुलावरून मोठा वळसा, नाही तर होडी.

होडी एकच होती, अंबादासबप्पांची. लाकडी, तळाला पत्रा ठोकलेला, पत्र्याला जागोजागी डांबराची ठिगळं. बप्पा तेव्हा पन्नाशीचे असतील. मी नियमाप्रमाणे विचारलं, "बप्पा, होडीतून माल किती जातो?"

"माल?" ते म्हणाले. "माल न्हाई म्याडम. माल कुठला आमच्याकडं."

त्यांच्या पाठीमागे होडीत खताच्या गोण्या होत्या आणि त्यांवर कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या. मी त्या माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. आणि वहीत लिहिलं, माल नाही. या एका ओळीची मला आजही लाज वाटते. अडाणी माणसानं केलं असतं तर ती चूक झाली असती. मी संख्याशास्त्राची पदवीधर होते.

बरीच वर्षं गेली. एके दिवशी दुपारी कार्यालयात एक बाई आल्या. साठीच्या आसपास, नऊवारी, हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि थेट माझ्या टेबलावर ठेवला. "खालच्या साहेबानं सांगितलं, आकड्याच्या म्याडमला इचारा. म्हून आले."

त्या कौसाबाई. त्याच गावच्या. नवरा नव्हता, पलीकडच्या काठावर दोन एकर रान होतं आणि ते त्या स्वतः कसत होत्या. गावानं अर्ज केला होता. एक धड होडी, दोन्ही काठांना उतरायला धक्का, आणि बुडणाऱ्याला तरंगत ठेवणारी जाकिटं, एवढंच मागितलं होतं. बप्पांच्या होडीत आता बसेल तेवढं पाणी आणि बसेल तेवढी माणसं अशी अवस्था होती. एकानं पाणी उपसायचं आणि बाकीच्यांनी जीव मुठीत धरायचा. अर्ज बऱ्याच टेबलांवरून फिरून परत आला होता. कागदावर शेरा होता. 'जिल्ह्याच्या अधिकृत आकडेवारीनुसार जलमार्गाने मालवाहतूक निरंक आहे. सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही.'

"सगळं वाचलं नातवानं," कौसाबाई म्हणाल्या. "ह्यो एक शबुद त्याला येईना. निरंक. म्हंजी मंजूर का?"

"नाही," मी म्हणाले. "निरंक म्हणजे काही नाही."

"काही न्हाई म्हंजी?"

"म्हणजे तिथून होडीनं काही जात नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. खरंच काही कळत नसल्यासारख्या. "काल म्या सरकीचं बी आन् दोन गोण्या खत घिऊन गेलते की. मंग का म्हून लिवलं काही न्हाई? कुणी लिवलं?"

मी त्यांना चहा मागवला. कुणी लिहिलं ते सांगायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी मी रजा टाकली आणि त्या काठावर जाऊन बसले. दौरा मंजूर झाला नसता, कारण जिथे वाहतूकच निरंक तिथे मोजायला कशाला जायचं? बीडहून पहाटेची एसटी, पुढे जीप, मग बांधाबांधानं चालत. काठावरच्या बाभळीखाली पोत्यावर बसायचं आणि येणारी-जाणारी प्रत्येक खेप लिहायची. कापसाचा हंगाम चालू होता.

पहिल्याच दिवशी अडचण आली. वजन कसं करायचं? नदीकाठी काटा कुठला! मी डोकं धरून बसले तर बप्पा म्हणाले, "खिळं हायेत की."

होडीच्या बाहेरच्या अंगाला, एकाच्या वर एक असे तीन खिळे ठोकलेले होते. बप्पांच्या वडिलांनी ठोकले होते. पहिल्या खिळ्याला पाणी टेकलं की एक खिळ्याचा भार. दुसऱ्याला टेकलं की दोन खिळ्यांचा, म्हणजे होडी भरली. "आणि तिसरा?" मी विचारलं.

"तिसऱ्याला पाणी लागलं की येकानं उतरायचं. कुनी का आसंना. एकदा सरपंचाला उतरवलंय म्या."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मोठ्या बंदरांत जहाजाच्या अंगावर पाण्याच्या रेघा असतात, त्यावरून भार काढतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेच शास्त्र इथं तीन खिळ्यांवर चाललं होतं आणि त्या जागी मी निरंक लिहीत आले होते. आम्ही खताच्या गोण्या, ज्यांवर वजन छापलेलं असतं, त्या एकेक करून रिकाम्या होडीत ठेवल्या आणि कितव्या गोणीला कोणता खिळा बुडतो ते पाहिलं. बघायला गर्दी जमली. एकजण ओरडला, "बप्पा, म्याडम होडी इकत घ्येत्यात का काय!" संध्याकाळपर्यंत खिळ्याचं किलो झालं. माणसांचा भार वजा करायचा आणि उरेल तो माल.

मग मी बप्पांना माझा जुना प्रश्न आठवण करून दिला. "तेव्हा तुम्ही माल नाही म्हणालात. होडीत तर गोण्या होत्या."

बप्पा वल्हं धुवत होते. "त्यो माल न्हवता म्याडम. माल म्हंजी मोंढ्याच्या बाजारात जातो त्यो. आडत्याच्या काट्यावर चढला की माल. ह्ये तर घरचं हाय. घरचं रानात न्येयाचं, रानातलं घरी आनायचं. त्येला कोन माल म्हनतं?"

एवढंच होतं. तक्ता 'माल' विचारत होता आणि गाव 'घरचं' वाहत होतं. भाड्याचा रकानाही असाच फसला असता, कारण बप्पांना भाडं नव्हतंच, सुगीला घरटी धान्य मिळायचं. चुकीचा शब्द घेऊन मी आले आणि खरं उत्तर घेऊन गेले, आणि दोघांनाही आपण खोटं बोललो असं वाटलं नाही.

त्यानंतर मी माल हा शब्द तोंडातून काढला नाही. "काय काय नेलं?" एवढंच विचारायचे. खत, बी, कडबा, कापूस, तुरीचे भारे, पाणी ओढायचं इंजिन, एकदा लोखंडी नांगर, एकदा लग्नाच्या भांड्यांचा संच. शेळ्या माल की प्रवासी, यावर मी रात्री सूचनापुस्तिका काढून वाचली. माल निघाल्या. कौसाबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "आन् मी?" म्हणाल्या. "तुम्ही प्रवासी," मी म्हणाले. "आन् माज्या डोक्यावरचा भारा?" तो माल. "मंग आर्धी हिकडं लिवा, आर्धी तिकडं."

निघताना मी त्यांच्या नातवाची एक कोरी वही मागून घेतली आणि पानं आखून कौसाबाईंकडे दिली. माझी थोड्या दिवसांची मोजणी पुरेशी नव्हती, पुढचं पुरं वर्ष हवं होतं. प्रत्येक खेपेला बुडालेल्या खिळ्यांइतक्या उभ्या रेघा ओढायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, रेघा येत होत्या.

एक गोष्ट मला छळत होती ती सांगते. टन-किलोमीटरमध्ये अंतर धरतात नदीच्या रुंदीचं. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्याही आत. तोच कापूस पुलावरून आणला असता तर कितीतरी पट मोठा आकडा दिसला असता. होडीनं लोकांचा वळसा वाचवला म्हणून होडीचं काम तक्त्यात बारीक दिसत होतं. तरीही तो आकडा होता. आकडा इथे देत नाही, तो कार्यालयाचा आहे. पण निरंक नव्हता.

त्या वर्षीचा तक्ता मी माझ्या मोजणीवरून भरला. संगणकानं तो घेतला नाही. आधीच्या वर्षाशी तुलना करून वाढ किती टक्के झाली ते तो आपोआप काढतो, आणि शून्यापासून झालेल्या वाढीचे टक्के निघत नाहीत. त्या रकान्यात नुसती चुकीची खूण आली. वरून विचारणा झाली, 'तफावतीचा खुलासा करावा.'

आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, खुलासा म्हणजे काय लिहिणार? यंदा अचानक नदी आली?"

"आधीची माहिती चुकीची होती, असं लिहीन."

"आधीच्या माहितीवर सह्या कुणाच्या आहेत?"

"माझ्याच," मी म्हणाले.

"तुमची पदोन्नतीची फाईल वर आहे. तीन वर्षं उरलीत तुमची. एक होडी आहे हो ती. या वर्षी निरंक जाऊ द्या. पुढच्या वर्षी सावकाश बघू."

मी निरंक लिहिलं. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. आधीची सगळी निरंकं मी न पाहता लिहिली होती. हे एक मी पाहून लिहिलं. बाकी चुकांना आळस म्हणता येईल, याला खोटं याशिवाय दुसरा शब्द नाही. पदोन्नती झाली. कार्यालयात पेढे वाटले. मी घरी आले आणि जेवले नाही.

ते वर्ष फार लांबलं. दर महिन्याला वाटायचं, वही भरत असेल. त्या बाई विश्वासानं रेघा ओढत असतील. शेवटी मार्चमध्ये मी खुलासा लिहून काढला. 'मागील सर्व वर्षांची या पानावरील माहिती प्रत्यक्ष पाहणी न करता भरण्यात आली होती. जबाबदारी माझी.' तो मसुदा पर्समध्ये घालून वही आणायला गेले. आधी वही, मग साहेब, असं ठरवलं होतं. एसटीत मला फार हलकं वाटत होतं.

काठावर गेले तर होडी पाण्यात नव्हती. बाभळीखाली पालथी पडली होती आणि तिला दोन शेळ्या बांधल्या होत्या. तीन खिळे गंजून लाल झाले होते.

कौसाबाई घरी होत्या. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं, मग कोनाड्यातून वही काढली. मी पानं उलटली. रेघा, रेघा, पावसाळाभर रेघा. दिवाळीनंतर थोड्या दाट, कापसाच्या. मग एका पानाच्या मधोमध दोन रेघा आणि पुढे कोरं.

"तवा तळ फुटला," कौसाबाई म्हणाल्या. "माजाच कापूस व्हता. मी बी व्हते. काठ जवळ व्हता म्हून वाचलो. बप्पानं मला वढून काढलं, कापूस ग्येला भिजून. पिवळा पडला समदा. कोन घ्येतंय."

"बप्पा कुठे आहेत?"

"त्येनी त्याच दिवशी सांगितलं, आता ह्यात मी मानूस घालीत न्हाई. मंग पोरगा-सून निघाले हुते ऊस तोडाया, त्येंच्या संगं ग्येले. लई वाईट वाटलं. आयुष्यभर वल्हं धरल्याली मानसं, ह्या वयात मोळ्या वाहायच्या."

"आणि तुमचं रान?"

"बटईनं दिलं पल्याडच्याला, आर्ध्या वाट्यानं. समद्यांनीच दिलं." मग त्या उठून दारात गेल्या आणि बोटानं दाखवलं. "त्यो लिंब दिसतो का? तितनं माजं रान. हितनं रोज दिसतंय."

मी पर्समधला कागद काढला आणि त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. ते निरंक कुणी लिहिलं ते, आणि मोजून गेल्यावरही पुन्हा कुणी लिहिलं ते. मला वाटलं होतं त्या बोलतील, निदान रडतील. मीच रडले. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, जिथे रेघा संपल्या होत्या ते पान अंगठ्यानं सपाट केलं आणि परत दिली. "येवढं तरी खरं लिवा," म्हणाल्या.

लिहिलं. वहीतल्या रेघांचे टन केले, नदीच्या रुंदीनं गुणले, खुलासा जोडला आणि साहेबांसमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत होते. मग सही केली. मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. तो आकडा मान्य झाला, छापलाही गेला. गावाला कळवण्यात आलं की प्रस्ताव नव्यानं सादर करावा. गावानं सादर केला नाही. पलीकडे जायचं कारणच कुणाला उरलं नव्हतं.

निवृत्तीच्या आधीचा माझा शेवटचा तक्ता त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्याआधी मी पुन्हा काठावर गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण गेले. होडी तिथेच होती, पत्रा कुणीतरी उचकटून नेला होता. दिवसभर बाभळीखाली बसले. पाण्यावर काही आलं-गेलं नाही.

कार्यालयात येऊन मी आकड्याच्या जागी शून्य टाकलं. वाढ काढताना अडलेला संगणक या वेळी क्षणभरही अडला नाही. लगेच दाखवलं, घट शंभर टक्के. शेऱ्याच्या चौकोनात मी निरंक लिहिलं आणि सही केली. मोठ्या बाबूंनी शिकवलं होतं तसंच, पूर्ण अर्थानं, माझ्या नोकरीतलं ते पहिलं निरंक. मी गेले होते, पाहिलं होतं आणि काही नव्हतं.